गोळी सुटते ती जागा

रेंजवर मुलांना सोडायला आलेले पालक टेबलावरचं पिस्तूल न्याहाळतात आणि हमखास विचारतात, "काका, याच्या तोंडाशी हा ठोकळा कशाला लावलाय?" सिनेमा पाहून अनेकांना वाटतं, ते आवाज दाबायचं काहीतरी असणार. आवाजाशी त्याचा काहीच संबंध नाही. स्पर्धेच्या .२२ पिस्तुलाच्या तोंडाशी दोनच प्रकारच्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे साधं वजन, पोलादाचं, पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं. दुसरा कॉम्पेन्सेटर, म्हणजे गोळीमागून येणाऱ्या वायूला वर वाट करून देणारा, खाचा पाडलेला तुकडा. दोन्ही दिसायला किरकोळ. पण गोळी पिस्तुलातून सुटताना ज्या शेवटच्या जागेपाशी असते, ती ही जागा आहे, आणि तिची निगा कशी राखायची हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूम फिटर होतो. गेज, बुश, जिग, सगळं शंभरांश मिलिमीटरच्या भाषेतलं काम. निवृत्तीनंतर पुण्याजवळच्या एका नेमबाजी क्लबात पिस्तुलांची साफसफाई आणि तपासणी माझ्याकडे आली. दुरुस्ती मी करत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. त्यामुळे भोक पाडणं, आटे पाडणं, कानस लावणं ही कामं परवानाधारक कारागिराची. पुसणं, पाहणं, मोजणं आणि नोंदवणं हे माझं काम. नेमबाजाचंही ते असायला हवं.

चार सेकंद आणि दीड ग्रेन

.२२ ला रिमफायर म्हणतात, कारण त्याचं स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच टोचते. आज जगभर वापरलं जाणारं .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासूनचं. गोळीचा व्यास ५.६ मिमी, वजन सहसा ४० ग्रेन, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. आत दारू असते ग्रेन-दीड ग्रेन.

एवढ्याशा काडतुसाचा झटका तो काय, असं कुणालाही वाटेल. पण स्पर्धेचं वेळापत्रक पाहा. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये शेजारी शेजारी पाच निशाण्या असतात. त्यांच्यावर एकेक अशा पाच गोळ्या आधी आठ सेकंदांत, मग सहा सेकंदांत आणि शेवटी चार सेकंदांत मारायच्या असतात. चार सेकंदांच्या फेरीत हात उचलायचा, पहिली गोळी सोडायची आणि तोंड उसळून खाली येतंय तोवर पुढच्या निशाणीकडे वळायचं. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमारने रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पहिल्या ३० गोळ्या शांतपणे, नेमक्या मारायच्या असतात, त्या भागाला प्रिसिजन म्हणतात. पुढच्या ३० गोळ्यांसाठी निशाणी दर वेळी फक्त तीन सेकंद खुली होते आणि मग सात सेकंद बंद राहते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते या प्रकारात. आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत सुटली होती आणि निकाल शूट-ऑफवर लागला. इतक्या अटीतटीच्या खेळात पिस्तुलाच्या तोंडाशी साठलेला मळ ही बारीकसारीक बाब राहत नाही.

२००५ पर्यंत रॅपिड फायरला .२२ शॉर्ट हे आणखी सौम्य काडतूस चालायचं. जर्मनीच्या राल्फ शूमानने १९९२, १९९६ आणि २००४ ची ऑलिम्पिक सुवर्णं त्या काळात मिळवली. मग नियम बदलला. आता काडतूस लाँग रायफलच हवं आणि ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम हवा. काडतुसाचा जोर वाढला, सेकंद मात्र तेवढेच राहिले. तोंडाशी वजन किती आणि कुठे असावं याचा विचार त्यामुळे अधिक बारकाईने करावा लागतो.

या दोन जोडण्यांचं काम वेगवेगळं आहे. वजन पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला जडत्व देतं. टोक जड असलं की ते कमी उसळतं आणि हात वर येऊन थांबतो तेव्हा कमी थरथरतं. कॉम्पेन्सेटर वायूवर काम करतो. वायू वरच्या खाचांतून बाहेर पडतो आणि त्याच्या धक्क्याने तोंड खाली दाबलं जातं. पण हिशेब करून पाहा. ४० ग्रेनच्या गोळीमागे वायू दीड ग्रेनाचा. तो गोळीच्या कितीतरी पट वेगाने धावत असला, तरी एकूण झटक्यातला त्याचा वाटा ढोबळमानाने दहाव्या हिश्शाच्या आसपासच येतो. म्हणून .२२ मध्ये कॉम्पेन्सेटरने चमत्कार होत नाही, त्याची मदत मर्यादित असते. त्याचा उपद्रव मात्र अमर्याद होऊ शकतो, कारण गोळी त्याच्या भोकातून जाते.

मेण, शिसं आणि काजळी

.२२ ची मॅच गोळी उघड्या शिशाची असते. मोठ्या काडतुसांसारखं तिच्यावर तांब्याचं आवरण नसतं. नळीतून सुरळीत जावी म्हणून तिला बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर दिलेला असतो. गोळी सुटते तेव्हा मागून येणाऱ्या वायूबरोबर वितळलेलं मेण, शिशाचे कण आणि काजळी तोंडातून फवाऱ्यासारखी बाहेर पडते. मोकळ्या नळीपुढे हा फवारा हवेत विरतो. कॉम्पेन्सेटर लावलेला असला की तो समोरच्या भिंतीवर आदळतो आणि थंड होऊन तिथेच बसतो. पहिल्या दिवशी ती राखाडी साय असते, बोटाने पुसली तर निघते. दुर्लक्ष केलं तर तिच्यावर थर चढत जातात आणि शिशाचा टणक कठडा तयार होतो.

कॉम्पेन्सेटरचं भोक गोळीपेक्षा थोडंसंच मोठं ठेवलेलं असतं. फार मोठं ठेवलं तर वायू सरळ पुढे निसटतो आणि खाचांना काही उरत नाही. या मोकळ्या जागेत शिसं चढलं, तेही एकाच बाजूने, तर वायू तिरका वळतो. आणखी वाढलं तर गोळीच घासते. भोवरा जाळीतून सुटताना हात हलला तर तो डुलतच फिरतो, तसं गिरक्या घेत निघालेल्या गोळीचं होतं. शेवटच्या क्षणी बसलेला धक्का ती निशाणीपर्यंत सोबत नेते.

साताऱ्याकडची एक मुलगी आमच्याकडे सराव करते. एका हंगामात तिचा ग्रुप, म्हणजे निशाणीवरच्या भोकांचा पुंजका, हळूहळू पसरायला लागला आणि डावीकडे सरकला. तिला वाटलं, मनगट वळतंय. प्रशिक्षकांनी मुठीची पकड तपासली. ती घरी भिंतीसमोर तासन्‌तास रिकामा हात धरून उभी राहायची. मी पिस्तूल रिकामं करून कॉम्पेन्सेटर उतरवला आणि भिंग लावलं, तर भोकाच्या एका कडेला शिशाचा चंद्रकोरीसारखा उंचवटा होता. त्यावर गोळी घासल्याची चकाकती रेघ स्पष्ट दिसत होती. साफ केल्यावर ग्रुप पुन्हा मध्यावर आला. मुलीची पकड पहिल्यापासून बरोबरच होती. त्या दिवसापासून मी हा विषय प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. अस्वच्छ पिस्तूल गुण घालवतंच, शिवाय चांगल्या नेमबाजाला स्वतःवर संशय घ्यायला लावतं.

साफ करायची रीत

सगळ्यात आधी सुरक्षितता. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासायचं, नारिंगी सेफ्टी फ्लॅग आत घालायचा, आणि हे सगळं होताना पिस्तुलाचं तोंड गोळ्या अडवणाऱ्या भिंतीकडे. रिकाम्या पिस्तुलाच्याही तोंडात समोरून डोळा घालायचा नाही. बोल्ट काढता येत असेल तर काढायचा आणि मागच्या बाजूने नळीतून पाहायचं, समोर पांढरा कागद धरून.

मग जोडणी उतरवायची. ती कशी बसवली आहे ते आधी पाहावं. काही पिस्तुलांत वजनं नळीखालच्या खाचेत सरकतात आणि ॲलन स्क्रूने आवळली जातात. काहींत कॉम्पेन्सेटर नळीवर चढवून बारीक ग्रब स्क्रूंनी धरलेला असतो. काही अमेरिकन पिस्तुलांच्या नळीला अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे आटे असतात आणि त्यावर तो फिरवून बसवतात. नेमक्या मापाचीच ॲलन की घ्यावी. जुनी, कोपरे झिजलेली की स्क्रूचं डोकं खाऊन टाकते. पकडीने किंवा व्हाइसमध्ये धरून तर कधीच फिरवू नये.

उतरवलेला कॉम्पेन्सेटर बंदुकीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजत ठेवायचा. घाई नको, मेण मऊ व्हायला वेळ लागतो. मग पितळी किंवा ब्राँझचा ब्रश आणि बांबूची चपटी काडी. बांबू शिसं उचलतो आणि धातूला ओरखडा पाडत नाही. पोलादी सुई, स्क्रूड्रायव्हरचं टोक, सँडपेपर यांना इथे जागा नाही. काही काडतुसांच्या स्फोटकात बारीक काचेची पूड असते आणि ती या मळात मिसळलेली असते. त्यामुळे कोरडं घासलं तर आपण नकळत पॉलिश पेपर चालवत असतो. ओलं करावं आणि पुसून घ्यावं. पुसायला मी जुन्या मऊ धोतराचे चौकोन वापरतो, त्याचे दोरे सुटत नाहीत. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तीव्र अल्कलीच्या द्रावणापासून दूर ठेवावा, रंगीत थर उडतो आणि धातूवर डाग पडतात.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं विरघळवण्याचा एक जालीम उपाय अनेक जण एकमेकांना सुचवतात. तो करू नये, हे मी कळकळीने सांगतो. शिसं विरघळतं हे खरं, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं. ते पाण्यात विरघळणारं विष आहे. धातूच्या कठीण शिशापेक्षा ते शरीरात कितीतरी सहज शिरतं. ते पाणी घरच्या मोरीत ओतायचं, त्याच मोरीत भांडी घासायची, हे कुणाच्याही घरी होऊ नये. शिवाय ते द्रावण पोलादाची निळी झिलईही खातं.

स्वच्छ झालेल्या कॉम्पेन्सेटरला आतून तेलाचा अगदी पुसट हात द्यावा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं. पुढच्या सरावाची काजळी त्यावर घट्ट बसत नाही. नळीच्या आत मात्र तेल राहू देऊ नये.

क्राउनला धक्का नको

जोडणी उतरवली की नळीचं उघडं टोक दिसतं. त्याच्या आतल्या कडेला क्राउन म्हणतात. गोळीचं बूड या कडेला सोडतं त्या क्षणी वायू तिच्याभोवती सगळीकडून सारखा निसटला पाहिजे. कडेला एका बाजूला बारीकशी टवकी असेल तर वायू तिथून आधी फुटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो. टूलरूममध्ये आम्ही गेजची कड जशी जपायचो, त्याहून जास्त ही कड जपावी लागते, कारण इथे झालेली इजा पुसून जात नाही. ती दुरुस्त करायला परवानाधारक कारागिराकडे, त्याच्या लेथवरच जावं लागतं.

म्हणून दोन पथ्यं आहेत. नळी मागून पुढे साफ करावी, चेंबरकडून तोंडाकडे. पिस्तुलाची रचना तशी नसेल तर दोरीला बांधलेला पॅच किंवा फेल्टची गोळी मागून ओढून घ्यावी. रॉड वापरलाच तर आवरण घातलेला वापरावा, म्हणजे उघडं पोलाद कडेला घासणार नाही. दुसरं पथ्य म्हणजे क्राउनवर फक्त ओलं कापड आणि मऊ ब्रश चालवावा. तिथे गोळीच्या मेणाचा फुलासारखा एकसारखा नक्षीदार ठसा दिसला तर समाधान मानावं, वायू सगळीकडून सारखा सुटतोय याची ती खूण आहे. एक पाकळी मोठी, एक पुसट दिसली तर भिंग काढावं.

नळी रोज खरवडू नये. .२२ च्या नळीत मेणाचा पातळ थर बसला की तिचा मारा एकसारखा होतो. तो थर काढून टाकला की पुन्हा काही गोळ्या झाडेपर्यंत मारा भटकतो. काडतुसाचा ब्रँड बदलला तरी तेच होतं. म्हणून माझा नियम असा: तोंड दर सरावानंतर पाहायचं, नळी गरजेपुरती साफ करायची.

परत बसवताना

माझ्या मते खरी परीक्षा इथे असते. आटे आणि ज्या खांद्यावर जोडणी टेकते तो खांदा आरशासारखे स्वच्छ हवेत. काजळीचा एक कण खांद्याखाली अडकला तरी जोडणी तिरपी बसते, आणि तिरप्या जोडणीचं भोक नळीशी एका रेषेत राहत नाही. इंचाला २८ आटे म्हणजे एका फेऱ्याला ०.९ मिमी पुढे. शेवटचा पाव फेरा हाताला जाणवायला हवा, जोर लावून रेटायला नको. एकाहून जास्त ग्रब स्क्रू असतील तर आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक पूर्ण घट्ट करून मग दुसऱ्याकडे गेलं तर जोडणी एका अंगाला ओढली जाते. पातळ नळीवर अवाजवी दाब देऊ नये. बसवल्यावर जोडणी आणि नळी यांच्यावर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. सरावानंतर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू सैल झालाय हे लगेच कळतं.

काही पिस्तुलांत फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, याच पुढच्या भागावर असते. तिथे किती फरकाला अर्थ आहे ते पाहा. दोन साइटमधलं अंतर २२० मिमी आणि निशाणी २५ मीटरवर असेल, तर फ्रंट साइट फक्त ०.१ मिमी सरकली की गोळी ११ मिमीहून जास्त सरकते. प्रिसिजनच्या निशाणीवर दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २५ मिमी. केसाएवढ्या हालचालीत त्यातलं जवळजवळ अर्धं अंतर गेलं. म्हणून जोडणी काढून लावली की स्पर्धेआधी ग्रुप मारून पाहणं आलंच.

वजनं बदलली तर तराजूही हवा. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला सगळ्या वजनांसह आणि रिकाम्या मॅगझिनसह १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, आणि ते ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. घरी वाढवलेलं वजन उपकरण तपासणीच्या टेबलावर उघडं पडलं, तर स्पर्धेच्या सकाळी मुलाला अनोळखी तोल घेऊन उभं राहावं लागतं.

आणि एक इशारा. गोळी झाडताना आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, झटका जाणवला नाही, तर जागीच थांबावं. पिस्तूल पुढे भिंतीकडे धरून हात वर करावा, रेंज ऑफिसरला बोलवावं. गोळी नळीत किंवा कॉम्पेन्सेटरच्या तोंडाशी अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गोळी सोडणं हा अपघात आहे.

शिसं आणि पावसाळा

साफसफाई करणाऱ्याच्या आरोग्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. तोंडाजवळचा सगळा मळ शिशाचा आहे. नायट्रिलचे हातमोजे घालावेत. कोरडी पूड फुंकर मारून किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नये. जेवायच्या टेबलावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये. काम करताना चहाचा कप जवळ ठेवू नये. वापरलेली फडकी पिशवीत बंद करून वेगळी टाकावीत. काम झालं की आधी साबणाने हात धुवावेत, मग फोनला हात लावावा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम रेंजवरच उरकावं. शिशाचा सगळ्यात मोठा धोका वाढत्या मेंदूला असतो.

आपल्या हवेत जूनपासून गंजाचा उपद्रव सुरू होतो. मुंबईत, कोकणात तर खारी हवा वर्षभर असते. पोलादी वजनाच्या खालच्या बाजूला आणि नळी व जोडणी यांच्या सांध्यात ओल दडून बसते. पिस्तुलाच्या पेटीतला फोम ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात पिस्तूल पेटीत बंद करून आठवडाभर विसरू नये. जोडणी उतरवावी, सांधा पुसावा, तेलाचा पातळ हात द्यावा, सिलिका जेलच्या पुड्या वाळवून ठेवाव्यात.

वही ठेवा

मी प्रत्येक पिस्तुलाची वही ठेवतो. काडतुसाचा लॉट, झाडलेल्या गोळ्या, जोडणी कधी उतरवली, स्क्रू कुठे सैल सापडला, ग्रुपचा कागद. ज्या मुलांना ही सवय लागते, ती नेम चुकला की आधी वही उघडतात. पिस्तुलात काही बदल नसेल तर चूक स्वतःची आहे हे त्यांना खात्रीने कळतं, आणि मग ती सुधारायला लागतात. खात्री नसेल तर ती साइट फिरवत बसतात, पकड बदलतात, काडतूस बदलतात, आणि एका न दिसलेल्या शिशाच्या कडेपायी हंगाम वाया जातो.

म्हणून नवं पिस्तूल घेणाऱ्या पालकांना माझं एकच सांगणं असतं. वजन कोणतं लावावं, कॉम्पेन्सेटर घ्यावा की नाही, हे प्रशिक्षकांना ठरवू द्या. मुलीला किंवा मुलाला मात्र पहिल्या महिन्यातच ते तोंड उतरवून, पाहून, पुसून, जसंच्या तसं परत बसवायला शिकवा. ज्या नेमबाजाला आपलं पिस्तूल काल होतं तसंच आज आहे हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी निशाणीवरचं प्रत्येक भोक ही खरी माहिती असते. नेमबाजी त्या माहितीवरच शिकता येते.